आठव्या दिवसाचा धागा

"नाकानं बघ गं पोरी. डोलं फसतात, नाक नाय फसत."

चुलीत कधी गवत, कधी भाताचा पेंढा, कधी बांबूची ढलपी सारता सारता आई हे सांगायची, आणि मग धुराकडं बघत गुणगुणायची:

रानाच्या गवताला, शेताच्या पेंढ्याला
एकच वास बाई, एका आईच्या पोरांला

डोंगरातली ती चूल कधीच विझली. पण सुगंधा अजून त्याच नाकाचं खात होती. तारापूरच्या कापड कारखान्यात ती तपासणीला होती. ताग्यातून धागा उपसायचा, काडी लावायची, हुंगायचं. प्लॅस्टिकचा धागा वितळून टणक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांची घाण येते. आणि कापूस असो की लाकडाच्या लगद्यातून काढलेला व्हिस्कोस, वास जळक्या कागदाचा, मागं भुरभुरीत राख. "ही झाडाची जात," सुगंधा म्हणायची. शेजारच्या टेबलावरची हिना हसायची, "मावशी, रिटायर होताना नाक इथंच ठेवून जा."

याच नाकानं एकदा तिची पंचाईत केली होती. खंडेराव घाटावरून आलेला, वीज केंद्रात फिटर. "रानातली पोर सून म्हणून नको," असं त्याच्या आईनं म्हणताच त्यानं पालघरच्या बाजारातून मोरपंखी साडी आणली आणि सगळ्या भावकीदेखत बजावलं, "माझी बायकू रेशमातच उंबरा वलांडंल." तिनं ओलांडला. सासूला ओवाळावंच लागलं.

आठव्या दिवशी सुगंधानं पदराच्या दशीतला एक धागा सहज काडीला लावला. कामाची सवय, दुसरं काय!

जळक्या कागदाचा वास आला. चमक रेशमाची, धागा व्हिस्कोसचा.

तिनं ती राख तळहातावर चोळली आणि ओठ मिटले, ते चोवीस वर्षं. दर दिवाळीला खंडेराव शेजाऱ्यांना साडी दाखवायचा, "असलं रेशीम आता घावत न्हाय." सुगंधा मान खाली घालून करंज्यांना मुरड घालत राहायची.

उद्या त्यांच्या तेजलचा साखरपुडा होता, आणि तेजलला नेसायला आईचीच साडी हवी होती. सुगंधा पाळी संपवून घरी आली, तर मोरीपाशी खंडेराव बाह्या सारून उभा. त्याच्या हातात साडीचं एक टोक, तेजलच्या हातात दुसरं. मधल्या घडीतून पाणी गळत होतं.

"अवो, काय चाललंय?"

"लेकीनं नेसून बघताना कोलंबीचं कालवण सांडलं. पर डाग निघाला बघ! आता पिळून वाळत टाकतो."

"हलक्या हातानं, बाबा," तेजल म्हणाली.

"हलक्या कशाला? अस्सल रेशीम हाय, तुझ्या बापागत चिवट!" त्यानं पीळ घातला.

ओला व्हिस्कोस निम्मी ताकद गमावतो, हे सुगंधा रोज बघत होती. एक पीळ अजून, की साडी मधोमध फाटणार. आणि बोलावं, तर या माणसाचा चोवीस वर्षांचा तोरा फाटणार.

"पिळू नका! रेशीम नाय ते!"

खंडेरावचे हात थांबले. "कोन म्हनतंय?"

"माझं नाक. लगीन होऊन आठ दिवस झालं होतं, तवाच धागा जाळून बघितला. लाकडाचा हाय."

तेजलनं ओढणी तोंडात कोंबली, तरी हसू फुटलंच. खंडेराव तसाच बादलीशेजारी टेकला.

"आनि मी येवढी वरसं गावभर दवंडी पिटतोय! तवा तोंडात गुळणी धरली हुतीस व्हय?"

"तुमचं तोंड किती खुलायचं सांगताना. ते बघत होती."

तो ओशाळून हसला. मग हळूच म्हणाला, "तुला रेशमात आनायची हुती गं."

सुगंधानं साडी त्याच्या हातून तान्ह्या बाळासारखी सोडवून घेतली, न पिळता दोरीवर पसरली. मोरपंखी थेंब टपटपू लागले. तिनं पदराशी नाक नेलं.

"झाडाच्या लुगड्यात आणलीत मला. तवा काडी लावली, तर माझ्या आयेच्या चुलीचा वास निघाला यातून. रेशीम असतं ना, तर मी येवढं जपलंच नसतं."