धनगरबाबा
भावाचा, बिभीषणचा, दहावा उरकून आल्यावर वर्षाराणीनं त्याचा कॉम्प्युटर लावला. बिभीषण ज्या ऑनलाइन खेळात रोज म्हातारा धनगर होऊन गोष्टी सांगायचा, तिथली मंडळी शेकोटीभोवती त्याचीच वाट पाहत बसली होती. काही झालं तरी घेतलेलं सोंग मोडायचं नाही, असा त्यांचा दंडकच होता. तिनं धनगराच्याच नावानं लिहिलं, "धनगर वारला. खरंच वारला."

सगळ्यांना ती नवी गोष्टच वाटली. वैद्याचं सोंग घेतलेला गडी संजीवनी घेऊन धावत आला. बाकीचे लिहू लागले, "ऊठ, धनगरबाबा!"

"काय म्हणून राह्यले गं?" मागून आईनं विचारलं.

"ऊठ म्हणतेत."

आई स्क्रीनजवळ सरकली.

"मंग उठव ना माय त्याला, जल्दी."