पट्टी सुटेपर्यंत

पाऊल जुळवायचे तर पडद्यावरच्या पायांकडे पाहू नये, खांद्यांकडे पाहावे. वजन आधी तिथे उतरते. हे मला माझ्या थोरल्या वहिनीने शिकवले. आमच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती लाकडी फळीवर, फरशीच्या तुकड्यांवर, वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये जागच्या जागी चालते, आणि समोरच्या पडद्यावर बाई, चित्रपटाच्या नायिका, चालत जातात. बाईंचा आवाजही बाईंचा नाही, मावशींचा आहे. मावशी साठी ओलांडलेल्या, बोटांच्या पेरांना गाठी आलेल्या; पण माइकसमोर बसल्या की त्यांच्या गळ्यातून एक तरुण स्त्री बोलू लागते. मी काचेपलीकडे बसून खुणेसाठी हात वर करतो, खाली आणतो. पावले, श्वास, वस्त्रांची सळसळ एका देहावर शिवतो. शिवण दिसली नाही, एवढीच आमची कीर्ती.

गेल्या चित्रपटासाठी बाईंना मोठा सन्मान मिळाला. त्याच्या शेवटी कॅमेरा रिकाम्या बोळात थांबून राहतो आणि त्यांचे दूर जाणे तेवढे ऐकू येते. एका समीक्षकाने लिहिले, या चालण्यात अभिनयाचा कळस आहे.

"कळस माझ्या घोट्यात गेलाय," वहिनी म्हणाली. "सूज उतरायचं नाव घेत नाही."

"तुला सूज तरी मिळाली," मावशी म्हणाल्या. "मला नुसता खोकला."

आम्ही हसलो, आणि हसता हसता लक्षात आले की दारात बाई उभ्या आहेत. त्या आमच्या स्टुडिओत पूर्वी कधीच आलेल्या नव्हत्या. आमच्या जिन्याच्या फळ्या मांजराच्या चालण्यालाही कुरकुरतात. त्या दिवशी फळ्या गप्प राहिल्या होत्या.

"कधी आलात?" मी खुर्ची पुढे केली.

"मघाशीच."

त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. पाटीवरून कोरडा खडू फिरावा तसा. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पट्टी सुटेपर्यंत रडू द्यायचे नाही, टाके उसवले तर दृष्टी जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"आणि मी जवळ गेले की ती रडते," बाई म्हणाल्या. "म्हणते, ही आई नाही."

बाईंचे दिवस चित्रीकरणात जायचे. मुलीला तिच्या आत्याने वाढवले. पोरीने आईला विसरू नये म्हणून आत्या रोज संध्याकाळी बाईंचे चित्रपट लावायची.

"विसरली नाही. एक शब्दही विसरली नाही." बाईंनी मावशींकडे पाहिले, मग वहिनीच्या पायांकडे. "तिची आई तुमच्याकडे आहे. काही दिवस घरी घेऊन याल?"



दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या घरी गेलो. मुलीच्या खोलीच्या दाराबाहेर वहिनीने फळी टाकली. दारालगत स्टुलावर मावशी बसल्या. दोघींना दिसेन अशा जागी मी उभा राहिलो. आत पलंगाच्या पायथ्याशी आत्या, आणि उशीवर पांढऱ्या पट्टीखाली एक इवलीशी, थरथरणारी हनुवटी. बाई अनवाणी पलंगाकडे निघाल्या. वहिनीने त्यांच्या खांद्यांवर नजर रोवली आणि फळीवर पाऊल ठेवले. माझा हात वर गेला.

"आले गं, माझी सोनुली," मावशी म्हणाल्या.

हनुवटी शांत झाली. तो चेहरा आवाजाकडे असा वळला, जशी खिडकीतली रोपटी उजेडाकडे वळतात. बाईंनी वाकून तिचा हात हातात घेतला. मुलीने तो झटकला.

"हा कुणाचा हात? आई तिकडे आहे."

स्टुडिओत मी कुठलाही आवाज कुठल्याही ओठांवर नेऊन ठेवू शकतो. खोलीत आवाज जिथून येतो तिथूनच येतो. हनुवटी पुन्हा थरथरू लागली आणि बाईंनी माझ्याकडे पाहिले. खूण देणाऱ्याकडे आम्ही सगळे पाहतो, तसे. मी मावशींना पुढे बोलावले. स्टूल पलंगाच्या मध्यापर्यंत आले.

"आई तिकडेच आहे," मुलगी म्हणाली. "ती का येत नाहीये?"

मग बाई स्वतःच उठल्या आणि त्यांनी उशीजवळची जागा मावशींना दिली. मुलीने मावशींची गाठाळ बोटे चाचपली, ओढून गालाखाली घेतली.

"आई, तुझा हात केवढा जाड झालाय."

"तुझी वाट पाहून पाहून सुजला गं."

आत्या फिसकन हसली. मीही हसलो आणि सहज वळलो. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मावशी मुलीला पावसात भिजलेल्या चपलांची काहीतरी गोष्ट सांगत होत्या, सुचेल तशी, जुळवून. ती कुठे लिहिलेली नव्हती. तरी बाईंचे ओठ एका शब्दानेही मागे पडत नव्हते. शेवटी शेवटी तर ते आधी हलत होते.

आम्ही रोज जात राहिलो. मुलगी रडली नाही. डॉक्टर खूश झाले, बाईंचे कौतुक करून गेले. आई असावी तर अशी, म्हणाले.

एकदा परतताना वहिनीने विचारले, "भाऊजी, बाई घरात चालतात तेव्हा तुम्हाला काही ऐकू येतं?"

"गालिचा असेल."

"घरातल्या बोळात गालिचा नाही. मी पाहिलं."

पट्टी काढायच्या दिवशीही बाईंनी आम्हाला बोलावले. "आज शेवटचं," त्या म्हणाल्या. "आता मी दिसेन ना." त्यांनी केस चित्रपटांतल्यासारखे बांधले होते. आम्ही दारापलीकडे आपापल्या जागी राहिलो, काम नसताना.

डॉक्टरांनी शेवटचा वेढा उलगडला. मुलीने डोळे मिचकावले. पाण्यातून वर येणाऱ्या वस्तूसारखी तिची नजर हळूहळू पृष्ठभागावर आली, बाईंच्या चेहऱ्यावर स्थिरावली आणि ती हसली.

"आई."

"हो. मीच," बाई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या.

हसू तसेच राहिले, पण त्याच्यामागचे कुणीतरी निघून गेले. मुलगी बाईंच्या ओठांकडे पाहू लागली. आवाज चित्रापासून सरकला की प्रेक्षक पाहतात, तशी. मग तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले.

"आई," ती दाराच्या दिशेने म्हणाली, "आता ये ना."

"होईल सवय," डॉक्टर म्हणाले आणि बॅग आवरू लागले.

बाई रडल्या नाहीत. त्या उठल्या आणि उघड्या फरशीवरून मागे मागे भिंतीपर्यंत गेल्या. आयुष्यभर आवाजांत राहिलेला माझा कान मी त्या पायांवर लावून ठेवला होता. त्याला काहीही ऐकू आले नाही. भिंतीशी पोचल्यावर त्यांनी मान उचलली, खांदे सरळ केले. डाव्या खांद्यात वजन उतरले.

माझ्या शेजारी वहिनी फळीवर चढली होती. मावशींनी श्वास भरून घेतला होता. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. बाईंचे ओठ विलग झाले आणि तसेच थांबले.

तळव्यांमागे मुलगी वाट पाहत होती.

मी हात वर केला.