दोमिंगाची परात

मी परात बोलतेय. ॲल्युमिनियमची, रुंद, खोल, काठाला एका बाजूनं चेपलेली. सध्या माझ्यात कोंबड्या पाणी पितात, त्यामुळे मला काही सांगायचं असेल असं कुणाच्या मनात येत नाही. पण मी दोन बायकांच्या डोक्यावर आयुष्य काढलंय. डोक्यावर बसणाऱ्याला डोक्यात काय चाललंय ते थोडंफार कळतंच.

माझा जन्म बारांकिया शहरातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या गोल तुकड्यावर यंत्र आदळलं आणि मी परात झाले. बाजारात आम्ही एकीत एक अशा रचून ठेवलेल्या होतो. एक सडपातळ, काळीभोर पोरगी आली आणि तिनं सगळ्यात खालची मागितली. दुकानदार कुरकुरला. ती म्हणाली, "वरच्यांना सगळ्यांचे हात लागलेत. मला कुणी न पाहिलेली हवी." ती दोमिंगा. ती सगळ्यात खालची म्हणजे मी.

तिच्या गावात एका वयाची पोरंपोरी लहानपणीच एक टोळी बांधतात. क्वाग्रो म्हणतात तिला. लग्न मोडेल, सख्खा भाऊ बोलायचा बंद होईल, पण क्वाग्रो सुटत नाही. त्यातलं कुणी गेलं की उरलेले नऊ दिवस त्याच्यासाठी बसतात, ढोल वाजवतात, गातात. त्या गाण्याशिवाय मेलेला माणूस वाटेतच अडकतो, असं गाव मानतं. दोमिंगाच्या क्वाग्रोत पोरं बरीच होती, पण तिचा जीव दोघींवर: निकोलासा आणि उबाल्दीना. तिघी पहाटे एकाच ट्रकच्या मागे बसून कार्ताहेनाला विकायला जायच्या. माझ्यात पपया, अननस, नारळाच्या वड्या आणि गुळात वळलेले बाजरीचे लाडू असायचे. खाली चुंबळ, वर मी, आणि दोमिंगाचे हात मोकळे. ती कमरेवर हात ठेवून चालायची, जसं काही शहर तिनंच बांधून काढलंय.

पण एक गोष्ट सांगते. डोक्यावर भरलेली परात असली की मान वर करता येत नाही. समुद्राकडची ती जुनी तटबंदी, चौक, चर्चची पायरी, गिऱ्हाइकाचा चेहरा, एवढंच दिसतं. त्या शहराचे लाकडी सज्जे म्हणे बघण्यासारखे, त्यांवरून फुलांच्या वेली सांडलेल्या. लोक लांबून ते बघायला यायचे आणि या तिघी रोज त्यांच्याखालून जाऊन त्यांनी ते कधी नीट पाहिले नव्हते. मी पाहायचे. मला वरच तोंड आहे ना.

एकदा दोमिंगा म्हणाली, "एक दिवस रिकाम्या डोक्यानं यायचं. विकायचं काही नाही. दुसऱ्या कुणीतरी कापलेलं कलिंगड खायचं आणि नुसतं वर बघत फिरायचं." उबाल्दीना म्हणाली, तू वर बघत चाललीस तर घोड्याच्या शेणात पडशील. तिघी हसल्या. ठरलं. पण असे दिवस ठरतात आणि राहून जातात. कधी पोर आजारी, कधी लाडवांचा पाक बिघडलेला.

मग दोमिंगा सीमेपलीकडे गेली, माराकाइबोला. तिकडे घरकामाला बायका हव्या होत्या आणि तिच्यामागे इथे रडायला नवरा उरला नव्हता. जाताना मला निकोलासाच्या ओट्यावर ठेवलं. "मी येईपर्यंत सांभाळ. वाकडी करू नकोस."

पहिली काही वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तिचे निरोप यायचे. मग कमी झाले, मग थांबले. आणि एके दिवशी एका ट्रकवाल्यानं बातमी आणली की तिकडे एक बस पुलावरून नदीत गेली, आपल्याकडची एक बाई त्यात होती, दोमिंगा नावाची. प्रेत मिळालं नाही.

क्वाग्रोचा म्हातारा ढोलकरी म्हणाला, थांबू या. कुणीतरी जाऊन बघून येऊ दे. निकोलासा त्याच्यावर धावून गेली. "ती पाण्यात पडलीय आणि तू मला थांबायला सांगतोस? ती तिकडे वाटेत कुडकुडत उभी असेल." तिला कुणी काही ऐकवू शकलं नाही. मी आजही सांगते, ती घाई प्रेमाची होती. म्हणूनच ती कुणाला अडवता आली नाही.

नऊ दिवस बसले सगळे. पांढऱ्या कापडावर पाण्याचा पेला आणि दोमिंगाची वस्तू म्हणून मी. निकोलासा अशी गायली, की ज्यांचं दोमिंगाशी वाकडं होतं तेही रडले. नवव्या पहाटे पाणी ओतून टाकलं, कापड घडी केलं आणि निकोलासानं घर आतून बाहेर झाडत नेलं, थेट रस्त्यापर्यंत. गेलेल्यानं मागे वळू नये म्हणून तसं झाडतात. मग तिनं मला उचललं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यात पपया भरल्या.

पुढे कितीतरी वर्षं मी निकोलासाच्या डोक्यावर फिरले. तिची चाल जड होती. एकदा घाईत ट्रकमधून उतरताना तिनं मला पाडलं, तेव्हाची ही चेपलेली जागा. त्या दिवशी ती रस्त्यावर बसून रडली होती आणि लोकांना वाटलं फळं सांडली म्हणून रडतेय. मग गुडघे गेले, शहर सुटलं आणि मी खुंटीवर लटकले.

उबाल्दीनाची नात यानेरीस. ती लांब बोगोटाला नर्सिंग शिकली. तिथे चांगली नोकरी मिळत असताना परत आली, म्हणाली मला आपल्याच माणसांची नाडी बघायचीय. कार्ताहेनाच्या टेकडीवरच्या एका वस्तीत दवाखान्यात लागली. तिथे एका म्हातारीचा रक्तदाब घेताना म्हातारीनं तिला विचारलं, "तू कुणाची? तुझी आजी कुठल्या क्वाग्रोची?" यानेरीसनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तिला सांग, दोमिंगा अजून श्वास घेतेय. हृदय मात्र थकलंय."

बसमध्ये दोमिंगा नव्हतीच. दुसरीच कुणी होती. पलीकडचा देश मोडकळीला आला तेव्हा हजारो लोकांबरोबर हीही परतली होती आणि या टेकडीवर एका खोलीत राहत होती. गावापासून तासाभराच्या वाटेवर.

निकोलासानं ऐकलं आणि ती ओट्यावरून उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पाहुण्यांची खाट उन्हात टाकली, गादी बडवली, चादर धुतली. यानेरीस निरोप घेऊन गेली: चल घरी. उलट निरोप आला: गावात नाही, शहरात भेटू. आपलं ठरलं होतं ना.

म्हणून ती सहल. निकोलासानं मला खुंटीवरून काढलं, घासलं, माझ्यात नारळाचा भात, तळलेला मासा आणि उकडलेला कसाव्याचा कंद पानांत बांधून ठेवला. यानेरीसही बरोबर होती. बसवाला म्हणाला परात टपावर टाक. तिनं मला मांडीवर घेतलं. उबाल्दीना म्हणाली, "बाळंत झाल्यासारखी बसलीयस. भात आहे गं तो, रडणार नाही." निकोलासा हसली नाही. तिच्या मनात एकच होतं. संध्याकाळच्या बसमध्ये एक माणूस जास्त हवं.

दोमिंगा शहराच्या वेशीवरच्या घड्याळाच्या कमानीखाली उभी होती. वाळलेली, पांढऱ्या केसांची, पण हात कमरेवर. तिघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आधी दोमिंगाच म्हणाली, "तुम्ही गायलात म्हणे. कोण बेसूर होतं?"

"मी," उबाल्दीना म्हणाली. "पण तू तरी कुठे ऐकायला आली होतीस?"

मग मिठ्या, मग रडणं, मग दोमिंगाचं बोट माझ्या काठावर. "ही कुणी चेपली?" निकोलासानं मान खाली घातली. "वाकडी करू नकोस म्हटलं होतं," दोमिंगा म्हणाली आणि तिचा गाल कुरवाळला.

त्या दिवशी त्यांनी सज्जे पाहिले. गल्ली-गल्लीत थांबून, माना मागे टाकून. निळे, पिवळे, वेलींनी गच्च भरलेले. दोमिंगाला दर थोड्या वेळानं धाप लागायची आणि ती बसायची, पण डोळे वरच. चौकात झालरीच्या रंगीत झग्यांतल्या तरुण पोरी परातीत फळं मांडून पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेत होत्या. उबाल्दीना त्यांना म्हणाली, चुंबळ नीट बांधा गं, चाळिशीत मान धरते. त्यांतल्या एकीकडून त्यांनी कापलेलं कलिंगड घेतलं आणि तटावर बसून खाल्लं. दोमिंगा म्हणाली, आपण याहून बरं कापायचो. मी रिकामी होत गेले, भात संपला, मासा संपला, आणि मला वाटायला लागलं, की कदाचित या तिघी तशाच उठतील आणि एकाच बसमध्ये बसतील.

ऊन उतरल्यावर निकोलासानं विषय काढला. खाट तयार आहे, खिडकीजवळची. तुला जायची वेळ आली की आम्ही सगळे असू. क्वाग्रोतले अजून निम्मे जिवंत आहेत.

दोमिंगानं समुद्राकडे पाहिलं. पलीकडून परत आल्यावर ती एकदा गावी जायला निघाली होती, ते सांगायला लागली. हमरस्त्याच्या फाट्यावर उतरली. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला ओळखलं नाही. तिनंच विचारलं, दोमिंगा म्हणून कुणी होती का तुमच्याकडे. तो म्हणाला, होती. तिचे नऊ दिवस कधीच झाले. काय गायलं होतं तिच्या क्वाग्रोनं, असं गाणं पुन्हा झालं नाही. ती तशीच उलट्या बसमध्ये बसली.

"मग ओरडायचंस त्याच्यावर," निकोलासा म्हणाली. "सांगायचंस, मी आहे."

"निकोलासा, तिकडे मला रोज गावाची आठवण यायची. पीठ मळताना, दुसऱ्याच्या फरश्या पुसताना. आणि मग एका सकाळी उठले तर येईना. मला वाटलं, सुटले मी. इथे येऊन कळलं, तुम्ही सोडलंत. झाडून काढलंत मला."

यानेरीसला राहवलं नाही. ती पेटून बोलली, की रीत माणसांनी केलीय, माणसांना बदलता येते, चूक झाली तर पुन्हा गाऊ, दहादा गाऊ, कोण अडवणार आहे. तिचं बोलणं मला पटत होतं. त्या पोरीच्या बोलण्यात खोट नव्हती.

दोमिंगानं तिचा हात हातात घेतला. "तू म्हणतेस ते खरं असेल, पोरी. पण मला सांग, मला दुसऱ्यांदा पाठवलंत, तर पहिल्यांदा पाठवली ती कुठे असेल? तिला परत बोलवायचं का? ती तिथे माझ्या आईजवळ बसली असेल आता." असं आधी कधी घडलंच नव्हतं.

बस सुटायच्या वेळी निकोलासानं मला दोमिंगाच्या हातात दिलं. "तुझी आहे." दोमिंगानं नको म्हटलं नाही. बस हलली तेव्हा निकोलासा खिडकीतून बघत होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिनं ती कुणाला बसू दिली नाही, असं यानेरीसनं नंतर सांगितलं.

दोमिंगा त्या वर्षातच गेली. त्या टेकडीवरच्या खोलीत. निकोलासा तिच्याजवळ होती; गुडघ्यांवर मलम चोळत दर रविवारी ती बसनं यायची. गेल्याचं कळल्यावर क्वाग्रोतले उरलेले सगळे आले. ढोल आणला होता. खोलीत मावेनात म्हणून पायऱ्यांवर बसले. कुणी कुणाला मनाई केली नव्हती. उबाल्दीनानं एक ओळ सुरू केली आणि तिच्या गळ्यातच ती मोडली. निकोलासानं तोंड उघडलं, पण तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं. सगळं तिनं तेव्हाच देऊन टाकलं होतं.

म्हणून ते नुसते बसले. नऊ दिवस. ढोलावर हात ठेवून, न वाजवता. वस्तीतले लोक कॉफी आणून द्यायचे आणि दबक्या आवाजात एकमेकांना विचारायचे, की हे गाणारे लोक ना, मग गात का नाहीत?

शेवटी निकोलासा मला घेऊन गावी आली. माझा तळ आता झिजलाय, एक बारीक भोक पडलंय, पाणी थेंबथेंब जातं. ती सकाळी मला भरते आणि कोंबड्यांना हाक मारते. हल्ली गावातलं कुणीही परगावी निघालं की ती काठी टेकत फाट्यापर्यंत जाते. कुठे चाललास, कुणाकडे उतरणार, परत कधी, असं विचारते. तरुण पोरं तिची थट्टा करतात. ती ऐकून घेते.

माझं ऐकणाऱ्यांनो, तुमचंही कुणी ना कुणी लांब गेलेलं असेल. बातमी येईल, लोक खात्रीनं सांगतील, रडायला माणसं जमतील आणि तुमचं प्रेम तुम्हाला घाई करायला लावेल. तेव्हा एक माणूस पाठवा. तुम्ही स्वतः जा. त्या दारावर थाप मारा, नाव घेऊन हाक मारा, उत्तर आलं नाही तर परत मारा. हाक कितीही वेळा मारता येते. गाणं एकदाच.