चेडोबाचा पत्ता

लाकडी पॅलेटवर पाय ताणून झोपलेला कुत्रा.

ट्रकच्या आरशाला लटकवलेला टूथब्रश.

गुडघाभर तणात उभा बोर्ड: गाळा भाड्याने देणे आहे.

दुधाच्या क्रेटवर बसून केस विंचरणारा माणूस. कंगवा दिसतो, चेहरा नाही.

लोखंडी शटरच्या वाकलेल्या कोपऱ्याशी, अगदी जमिनीलगत, शेंदराचं बोट. त्याखाली जास्वंदीचं फूल.

हे सगळे संघरत्नाच्या फोनमधले फोटो. भिवंडीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली म्हणून ती शहापूरहून राहनाळला भाड्याच्या खोलीत आली होती. गावात ओळखीचं चिटपाखरू नाही. मग पहाटे उठायचं, गोदामांच्या रस्त्यांनी चालायचं, दिसेल ते टिपायचं आणि धाकट्या भावाला, विकीला, पाठवून द्यायचं.

विकीचं उत्तर: "ताई, लोक गोव्याचे फोटो पाठवतात. तू शटर पाठवतेस."

पण त्या शटरने तिच्या डोक्यात भुंगा सोडला होता. दुकानाची पूजा करणारा माणूस उंबऱ्यावर मधोमध फूल ठेवतो. हे कोपऱ्यात का? आणि रोज ताजं कसं?

फोटो: पाठमोरी बाई

हिरवं लुगडं, शेजारी तांब्या. बाई जमिनीवर जवळजवळ आडवी झाली आहे आणि शटरच्या फटीला डोळा लावून आत बघते आहे.

"काढलास फोटू?" मागे न वळता ती म्हणाली. "मंग आता ये आन् उठव मला. कंबर धरली."

संघरत्नाने तिला हात दिला. म्हातारीचं नाव गोदू. शटरमागचा हा गाळा उभा आहे ती जागा कधीकाळी तिच्या घरच्यांचं भातशेत.

"आत काय आहे, आजी?"

"चेडोबा. आमचा गावदेव. जमीन दिली तवाच जुन्या मानसांनी बजावलं, दगड हलवायचा न्हाय. मंग भिंती त्याच्या भवतीनं बांधल्या. आधीचा भाडेकरू पिंपं ठेवायचा, मला आत सोडायचा. आता ही कंपनी आली. पास लागतो म्हने. देवाला भेटाया पास!"

"म्हणून बाहेरूनच फूल?"

"फूल चालतंय. पत्रिका न्हाय चालत."

नातीचं, माधवीचं, लग्न ठरलं होतं. पत्रिका छापून घरात गठ्ठ्याने पडल्या होत्या. पहिली पत्रिका चेडोबाला. ती ठेवल्याशिवाय दुसरी घराबाहेर पडणार नाही, असं गोदूने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"मग फटीतून सरकवा ना आत."

"आन् तो आत नसला तर? फटीतनं नुस्ता काळोख दिसतो. उचलून टाकला आसंल तर? रिकाम्या घरात कोन पत्रिका टाकतं? माजा पोरगा जीवन म्हनतो, आये, हाय, मी बघितलाय. त्याला मांडवाची घाई. भटजी म्हनतो हाय. वॉचमन म्हनतो हाय. समदे हाय म्हनतात, आत कोन गेलेला न्हाय."

"आणि नसला तर?"

"तर लगीन थांबल. आधी त्याला हुडकायचा." तिने संघरत्नाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कुनाची गं?"

"मी शहापूरची. आम्ही बौद्ध, आजी."

"म्हंजे देव न्हाय तुमच्यात."

"नाही."

"मंग तूच बरी. नसला तर नसला म्हनशील."

संघरत्नाला हसू आलं आणि लगेच ते गिळावंही लागलं. लॅबमध्ये ती दिवसभर हेच करायची. आहे की नाही, एवढंच सांगायचं. पण तिथे रिपोर्ट घेणारं माणूस तिच्या तोंडाकडे असं बघत नसे.

न काढलेला फोटो: संध्याकाळ, खोलीतली भिंत

सगळं ऐकून विकी फोनवर म्हणाला, "अगं, काहीही दिसलं तरी आहे म्हणून टाक. तुझं काय जातं? एक लग्न तरी लागेल."

संघरत्ना म्हणाली, "जेव आता."

व्हिडिओ

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे गोदू चिंचा पाडायची आकडी घेऊन शटरपाशी आली. संघरत्नाने रेकॉर्डिंग सुरू केलं, टॉर्च लावला, फोन ओढणीने आकडीच्या टोकाला बांधला आणि फटीतून आत सारला.

वॉचमन आलाच. "अम्मा, फिर से? मॅडम, इधर फोटो मना है."

"फोटू कुटं?" गोदू म्हणाली. "चिंचा पाडतंय."

"गोदाम में इमली?"

"तुज्या शेठला इचार कुटनं आली."

वॉचमनने आकाशाकडे पाहिलं. "मैं चाय पीने जा रहा हूँ. आने तक इमली खतम होनी चाहिए."

आकडी बाहेर आली. संघरत्नाने फोन सोडवून स्क्रीन स्वतःकडे धरली.

काळोख. फरशी. फरशी. खोक्यांची रांग. फरशी. एका रॅकचा पाय. रिकामी जागा.

रिकामी जागा.

समोर म्हातारी उभी होती, पदराचं टोक मुठीत. "बोल."

चित्र हललं. फोन आत कशाला तरी धडकून वळला असावा. जमिनीवर पिवळ्या-काळ्या पट्टीचा चौकोन, आग विझवायच्या नळकांड्याभोवती मारतात तसा. चौकोनात गुडघ्याएवढा दगड. शेंदराचे पापुद्रे निघालेले.

"आहे."

"शपत?"

"शपथ कशाला, बघा."

गोदूने फोन दोन्ही हातांत घेतला आणि नाकाशी नेला. मग म्हणाली, "कपाळाला काय चिकटवलंय ह्याच्या?"

पांढरं स्टिकर होतं. उभ्या काळ्या रेघा आणि खाली अक्षरं. संघरत्नाने चित्र मोठं केलं.

"पत्ता आहे, आजी. गोदामात कुठली वस्तू कुठे आहे ते सापडावं म्हणून नंबर देतात. के-सात-ए."

आता म्हातारी कंपनीचा उद्धार करणार, या तयारीत संघरत्ना उभी राहिली.

"म्हंजे हरवायचा न्हाय," गोदू म्हणाली. तिने कमरेच्या पिशवीतून पत्रिका काढली. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं, 'श्री.' पुढची जागा कोरी. "लिही."

संघरत्नाने पेन काढलं आणि लिहिलं: श्री. चेडोबा, के-७-ए, राहनाळ.

"सहकुटुंब लिहू?"

"लिही. त्याचं कुटुंब मी कंदी बघितलं न्हाय. आसंल तर येल."

पत्रिका आकडीने आत गेली. वॉचमन लांबून दोन ग्लास चहा घेऊन येत होता.

फोटो: मोटारसायकल

जीवनच्या गाडीच्या टाकीवर उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा, वर दोरी. जीवन हसतो आहे, चित्र हललेलं.

गोदूच्या स्वतःच्या लग्नाला पत्रिका छापल्याच नव्हत्या. तेव्हा चेडोबा उघड्या शेतात होता, आवतण तोंडीच दिलं होतं.