कुंपणापासून तीन मीटर

सकाळपासून वेल्डरचा पाय एका जागी ठरत नव्हता. जहाजावर इंजिनं दुरुस्त करणारी त्याची लेक दोन वर्षांनी आज संध्याकाळी घरी येणार होती आणि उद्या लगेच परत जाणार होती. फोनवर तिनं एकच मागितलं होतं, "बाबा, मागच्या अंगणात शेकोटी करा. लहानपणीसारखी." मग काय विचारता! जुन्या वॉशिंग मशिनचा ड्रम काढून, त्याला तीन पाय जोडून त्यानं अशी झकास शेगडी बनवली की बायको म्हणाली, "लेकीपेक्षा हिचंच कौतुक जास्त चाललंय."

पण रविवारी या उतावळ्या गड्यानं ती पेटवून पाहिली, आणि तीही नुकत्याच तोडलेल्या ओल्या फांद्या घालून. धुराचा लोट कुंपण ओलांडून थेट वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरला. वहिनींना आधीच दमा. त्या खोकून खोकून बेजार झाल्या आणि दादानं तडक अग्निशमन दलाकडे तक्रार ठोकली.

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. धंद्यानं सुतार. पूर्वी दोघांचं अंगण एकच होतं. मग एकदा वेल्डिंगची ठिणगी उडाली आणि दादानं गिऱ्हाइकासाठी घडवलेलं कपाटाचं दार जळालं. शब्दानं शब्द वाढला. दुसऱ्याच दिवशी दादानं मधोमध फळ्यांचं कुंपण उभं केलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. लाकूड आणि आग एका अंगणात नांदवायची तर डोकं थंड लागतं, आणि ते या घरात कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

आज दुपारी अग्निशमन दलाच्या बाई टेप घेऊन हजर झाल्या. कुंपणापलीकडे दादा हाताची घडी घालून उभा होता.

"शेकोटीला बंदी नाही," बाई म्हणाल्या. "लाकूड वाळलेलं हवं. पाण्याची बादली जवळ हवी. शेजाऱ्यांची हरकत नसावी. आणि भिंत असो की कुंपण, आग तीन मीटर लांब हवी."

वेल्डरनं शेगडी अंगणाच्या मधोमध सरकवली. बाईंनी टेप लावला. भिंतीपासून अडीच, कुंपणापासूनही अडीच. त्यानं ती इकडे ओढली, तिकडे ढकलली, पण अंगण काही रुंद होईना. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "संध्याकाळी लेक येतेय, तिला आता काय सांगू?" तो बाईंना म्हणाला.

"आणि कुंपणच नसलं तर?" पलीकडून आवाज आला.

वेल्डर चमकला. इतक्या वर्षांत दादा कुंपणावरून पहिल्यांदाच बोलला होता, आणि तेही बाईंशी.

"तर पलीकडच्या भिंतीपर्यंत मोजायचं. मग जागाच जागा आहे."

दादा वळून आत निघून गेला. 'मुद्दाम खिजवतोय,' असं वाटून वेल्डरचं रक्त उसळलं. तेवढ्यात पलीकडून करकर आवाज आला. खिळा उपटल्याचा! पाठोपाठ दुसरा. मधली एक फळी हलली, कलली आणि धाडकन पडली. त्या फटीत दादा उभा होता, हातात हातोडा, कपाळावर घाम.

"बघतोस काय? पकड घेऊन ये. खिळे माझ्या हातचे आहेत, सहजासहजी निघायचे नाहीत."

वेल्डर धावतच सुटला. पकड आणली, मग दोघं भाऊ फळ्यांवर असे तुटून पडले की बायको आणि वहिनी आपापल्या दारातून पाहतच राहिल्या. "अहो, बोटं सांभाळा!" दोघी एकदमच ओरडल्या, आणि एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. शेवटी दादानं दुकानातून वाळलेल्या तुकड्यांचं पोतं आणून आपटलं. "ओली फांदी जाळतोस, गाढवा? हिचा जीव घेशील."

"चुकलं, दादा," वेल्डर म्हणाला.

बाईंनी पुन्हा टेप लावला. सगळीकडून जागा पुरेशी होती. "ठीक आहे," त्या दादाकडे वळल्या. "तक्रार तुमचीच होती ना? मग शेजारी म्हणून आता तुमची काही हरकत?"

"शेजारी कोण?" दादा एकदम चिडून म्हणाला. "भाऊ आहे मी त्याचा."