मशीनं बंद केली तेव्हा

आमचं गाव ज्वालामुखीच्या डोंगराच्या पायथ्याशी, म्हणून आमच्या लाँड्रीच्या तळघरात वेधशाळेने भूकंपमापक यंत्र बसवलंय. जागा कोरडी, दाराला कुलूप, म्हणून मीच हो म्हटलं आणि डोक्याला ताप करून घेतला. यंत्र बघायला येणाऱ्या शास्त्रज्ञ मुलीला सगळे भूकंपताई म्हणतात. येता-जाता ती माझ्या धुलाईच्या मशीनांकडे सवतीकडे बघावं तशी बघायची.

त्या दिवशी ती धावतच आली. "काकू, सगळी मशीनं बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"हॉटेलच्या चादरी काय तू धुणार आहेस?" मी खवळले.

"डोंगराची एक बाजू फुगलीये, वायूही वाढलाय. आता इथे सारखी थरथर दिसतेय. पण ती डोंगराची की तुमच्या मशीनांची, तेच कळत नाहीये. उगाच लोकांना घराबाहेर काढलं, तर पुढच्या वेळी कुणी हलणार नाही."

तिचा चेहरा बघून मी मुकाट्याने मेन स्विच पाडला. आम्ही दोघी तिच्या स्क्रीनला डोळे लावून बसलो. मशीनं थांबली, तरी रेघ थरथरतच होती.

"शिलारस वर चढतोय," ती म्हणाली आणि तिने फोन लावला.

डोंगरावरच्या वस्तीत लोकांना खाली आणायला गाड्या गेल्या. माझ्या सासूबाई तिथेच राहायच्या, आणि त्या काही जागच्या हलेनात. ह्यांनी फोनवर गयावया करून पाहिली. शेवटी वैतागून फोन माझ्या हातात दिला.

"यंत्राबिंत्राचं मला नको सांगूस," सासूबाई म्हणाल्या. "हा डोंगर मी लहानपणापासून बघतेय."

"आई, मी मशीनं बंद केलीत."

आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी लाँड्री चालू ठेवली होती. ते त्यांनी अख्ख्या गोतावळ्याला ऐकवलंय.

"सगळी?"

"सगळी."

"थांब, चप्पल घालते."

डोंगर फुटला तेव्हा वरची वस्ती रिकामी होती. सासूबाईंचं घर राखेखाली गेलं, माणूस मात्र एकही गेलं नाही. भूकंपताईचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तिचे कपडे मी फुकट धुते, इस्त्रीसकट, आणि ती नको म्हणाली की तिलाच दम देते.

सासूबाई आता आमच्याकडेच असतात. मशीनांच्या आवाजाने डोकं उठतं म्हणून दिवसभर माझ्या नावाने खडे फोडतात. परवा त्यांची कुरकुर नीट ऐकू यावी म्हणून मी सगळी मशीनं बंद केली, तर त्या उठून चप्पल शोधायला लागल्या.

"बसा आई," मी म्हटलं. "काही झालेलं नाही. तुमचं बोलणं ऐकायचं होतं."