आबांचं हलकं जेवण

"भाभी, ती काळी बाटली चमच्यानं न्हाई वापरत, थेंबानं वापरतात. त्यात नमक लई असतंय."

शेजारच्या खैरुनबीनं हे भिंतीवरून सांगितलं होतं. तिचा भाऊ सिराजोद्दीन शहागडच्या ढाब्यावर 'चायनीज' करायचा, म्हणजे बाईला माहिती असणारच. पण पुष्पा पडली बी.एस्सी. ट्रकवाल्यांना खाऊ घालणाऱ्याकडून तिनं आता विज्ञान शिकायचं का? "हो का?" म्हणून ती हसली आणि घरात गेली. ते हसू आठवलं की आज तिला लपायला जागा सापडत नाही.

गोष्ट तीर्थपुरीची, एकोणीसशे नव्व्याण्णव सालची. तिचे सासरे काकासाहेब, म्हणजे घरातले आबा. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "मीठ तोडा, रात्री हलकं द्या." नवरा मच्छिंद्र जालन्यात नोकरीला, शनिवारी उगवणार आणि सोमवारी मावळणार. त्यामुळे आबांची काळजी पुष्पाकडे आली, आणि काळजीच्या बाबतीत पुष्पाचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीन वर्षांची चिंगी शिंकली तरी थर्मामीटर काढणारी बाई ती. तिनं मिठाची बरणी कपाटात कुलूपबंद केली, लोणच्याची सगळ्यात वरच्या फळीवर चढवली.

पूर्वेकडची माणसं रात्री हलकं खातात आणि शंभर वर्षं जगतात, असं तिनं एका मासिकात वाचलं होतं. झालं! जालन्याहून सोया सॉसची बाटली आली. रोज संध्याकाळी आबांपुरत्या शेवया उकडायच्या, त्यात कोबी, गाजर, आलं, जरासं व्हिनेगर आणि तीन चमचे ते काळं पाणी, की सूप तयार. मीठ? चिमूटभरसुद्धा नाही.

"अगं, खिरीच्या शेवया त्या! उन्हाळाभर पाठ मोडून केल्या मी, आन् तू काळ्या पाण्यात बुडवून राह्यली?" सासूबाई झुंबरबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, चीनमध्ये असंच खातात."

"मंग तिथल्या सुना रातच्याला भाकरी थापतात का?"

घरात एक नेम होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही चाखायचं नाही. झुंबरबाई नुसत्या वासावरून आमटीचं मीठ सांगायच्या, पण या बाटलीचा वास त्यांच्या ओळखीचा नव्हता. नैवेद्य झाला की वाडगा सरळ आबांपुढे जाई. सूप एकट्याच्या मापाचं. बायका मागून भाकरी-वरण घेऊन बसत. म्हणजे महिनाभर ते सूप फक्त देवानं आणि आबांनी खाल्लं, आणि दोघांपैकी एकानंही तक्रार केली नाही.

उलट आबा म्हणत, "लई भारी झालंय, सूनबाई," आणि तांब्याभर पाणी पिऊन आणखी एक तांब्या मागत. पुष्पा खूश. पाणी भरपूर प्यावं, हेही त्याच मासिकात होतं.

मग तिनं एका पेपरच्या महिला पुरवणीला कृती पाठवली: 'मिठाविना चविष्ट, शेवयांचं चिनी सूप'. छापूनही आली, नावासकट. आबांनी ते कात्रण कुंभार पिंपळगावच्या बाजारात नेऊन अख्ख्या बाजाराला दाखवलं.

त्याच आठवड्यात आबांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "असं चाललं तर एक दिवस हातपाय लुळे पडतील. मीठ कोण देतंय यांना?"

कोण देतंय? पुष्पाची नजर सरळ सासूवर. तिनं लोणच्याच्या बरणीला दोरा बांधून खूण केली. दोरा जागचा हलला नाही, तरी तिनं विचारलंच, "आत्याबाई, खरं सांगा, आबांना चोरून काय देता?"

झुंबरबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "चाळीस वर्सं त्यांचं ताट मी वाढलं. आता मारायला वाढीन का, बाई?" पुढचे दोन दिवस त्यांनी आबांच्या ताटाला हात लावला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी चिंगीनं आबांच्या वाडग्यात बोट बुडवून तोंडात घातलं. "थू! आई, खारट!"

पुष्पानं घाईनं चमचाभर तोंडात घेतलं. मिठाचा खडाच चघळल्यासारखं झालं. कुलूप कपाटाला होतं आणि मीठ बाटलीतून राजरोस येत होतं.

"आबा, महिनाभर हे खाल्लं कसं तुम्ही?"

आबा ओशाळले. "तू म्हणली, मीठ बिलकुल न्हाई. मला वाटलं, प्रेशरनं माझी जीभच गेली. आन् पेपरात आल्यावर मंग मी काय बोलू?"

पुष्पा सासूच्या पाया पडली. झुंबरबाई एवढंच म्हणाल्या, "उठ. आधी ती बाटली भायेर फेक."

औषध बदललं, पंधरा दिवसांत आबांची सूज उतरली. आता नैवेद्य झाला की पहिला चमचा पुष्पा खाते, मगच वाडगा पुढे जातो. खैरुनबीलाही ती जाऊन सगळं सांगून आली. खैरुनबी फक्त "हो का?" म्हणाली.

पण कात्रणाचं काय? चूक छापा म्हणून पुष्पानं पुरवणीला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं: 'सूप वाचकांना फार आवडले, दुसरी कृती पाठवा.'

तेव्हा तिची विनंती आता तुम्हालाच आहे. ते कात्रण तुमच्या फडताळात असेल, आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस "लई भारी झालंय" म्हणत तांब्यामागून तांब्या रिकामा करत असेल, तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. आज संध्याकाळीच त्याचे पाय जरा दाबून बघा.